आधी काढा, मग बसवा: घरच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट सुरक्षित वापरण्याबद्दल

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अमळनेरला घरात एकच कॉम्प्युटर, विंडोज १० वाला, गावातल्याच दुकानातून जोडून घेतलेला. त्यावर तुमचे सासरे, म्हणजे नाना, बातम्या आणि कापसाचे भाव बघतात. मुलगा डिप्लोमाचा अभ्यास करतो आणि गेम खेळतो. तुम्ही शाळेची ऑनलाइन माहिती भरता आणि बँकेचे व्यवहार करता. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात दिवसभर 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' अशा पाट्या उगवतात. दुकानदारानं अँटिव्हायरस टाकून दिला, तरी पाट्या चालूच. आता कोणीतरी व्हीपीएन, म्हणजे आपलं इंटरनेट दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमधून फिरवणारी सेवा, घ्यायला सांगतंय. बँकेचं काम इन्कॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या खाजगी खिडकीत) केलं तर पुरेसं आहे का, आणि आपण काय बघतो ते कोणाकोणाला दिसतं, हेही तुम्हाला हवंय.

व्हीपीएनचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. भुसावळ-जळगाव पट्ट्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. बाहेरून कोणी कुलूप फोडून घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलाय, असं फार क्वचित पाहिलं. आत जे घुसलेलं असतं, त्याला घरातल्याच कोणीतरी 'अलाऊ', 'यस' किंवा 'इन्स्टॉल' दाबून आत घेतलेलं असतं. ते आत तसंच ठेवून वरून कितीही संरक्षण चढवलं तरी उपयोग नाही. म्हणून तुमच्याकडे बसवण्यापेक्षा काढण्याचं काम जास्त आहे आणि ते बहुतेक फुकटात होतं.

सुरुवात त्या पाट्यांपासून करू. त्या व्हायरस नाहीत, ब्राउझरची नोटिफिकेशन्स आहेत. होतं असं की नाना कापसाचा भाव शोधत एखाद्या साइटवर जातात. मध्येच एक पान उघडतं: 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा'. खाली बाण, बाजूला फिरणारं चक्र. माणूस दाबतो, कारण त्याला भाव बघायचाय. त्या क्षणापासून त्या साइटला तुमच्या कोपऱ्यात हवं ते लिहायची परवानगी मिळाली, साइट बंद असली तरी. नानांना विचारलंत तर ते म्हणतील, 'मी काहीच करं नही भो.' आणि त्यांचंही बरोबरच असतं, कारण एक बटण दाबणं म्हणजे काही करणं असं त्यांच्या हिशेबी नसतंच. कॉम्प्युटरवर कुठली फाइल उतरलेली नसते, त्यामुळे अँटिव्हायरसला पकडायला काही सापडत नाही.

क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांवरून सेटिंग्जमध्ये जा. तिथं प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी मिळालेल्या साइटची यादी दिसेल. अशा घरांत ती यादी लांबलचक निघते, नावं चित्रविचित्र, शेवटी डॉट टॉप, डॉट एक्सवायझेड असली शेपटं. सगळ्या काढून टाका, ओळखीच्यासुद्धा. एखादी खरंच हवी असेल तर ती पुन्हा विचारेल. मग त्याच पानावर कोणत्याही साइटला नोटिफिकेशन पाठवू देऊ नये, हा पर्याय निवडून ठेवा. एज आणि फायरफॉक्समध्येही हेच करा, कारण नाना नेमका कोणता ब्राउझर उघडतात ते तुम्हालाही नक्की माहीत नसेल. पाट्या तिथल्या तिथं थांबतात.

या पाट्यांवर क्लिक केलं तर पुढचं पान मोठं असतं: पूर्ण स्क्रीन लाल, भोंगा वाजतोय, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह आणि एक फोन नंबर. मायक्रोसॉफ्ट कधीही स्क्रीनवर फोन नंबर देऊन 'आम्हाला फोन करा' म्हणत नाही. एस्केपची कळ जरा वेळ दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ४. नाहीच हललं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. परत उघडल्यावर 'आधीची पानं पुन्हा उघडू का' असं विचारलं तर नको म्हणा. त्या नंबरवर फोन केला की समोरचा आधी एनीडेस्क किंवा तसलंच दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो. तुमच्याकडे असलं काही आधीच पडलेलं असेल, दुकानदारानं 'घरी यायला नको' म्हणून टाकलेलं, तर तेही काढा. त्याला लागेल तेव्हा तो पुन्हा टाकेल, तुमच्या डोळ्यांसमोर.

मुलाला मात्र एक वेगळी गोष्ट बजावून सांगा. २०२४ पासून एक नवी युक्ती जोरात आहे. 'मी रोबोट नाही' छापाचंच पान, पण त्यावर सूचना अशी: विंडोजची कळ आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. पानानं गुपचूप एक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथं राहतं तिथं, ठेवलेली असते. या तीन हालचालींत तुम्ही ती स्वतःच्या हातानं चालवता आणि पासवर्ड चोरणारा प्रोग्राम उतरतो. गेमचे चीट, सिनेमा, फुकटातली पुस्तकं शोधणारी पोरं यात जास्त सापडतात. कोणतीही खरी वेबसाइट ओळख पटवण्यासाठी विंडोज-आर दाबायला सांगत नाही. या नियमाला अपवाद नाही.

आता एक्स्टेन्शन्स. ब्राउझरला जोडलेले हे छोटे प्रोग्राम तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतात, कारण बसवताना तुम्ही तशी परवानगी दिलेली असते. आज चांगलं असलेलं उद्या चांगलं राहीलच असं नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेन्शन वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. २०२० मध्ये मूळ माणसानं ते दुसऱ्याला विकलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलनं ते घातक ठरवून बंद केलं. वापरणाऱ्यांनी काहीच चुकीचं केलेलं नव्हतं, मालक बदलला एवढंच. त्यामुळे एक्स्टेन्शन्सची यादी उघडा आणि ज्याचा उपयोग घरात कोणालाच सांगता येत नाही ते काढा. पीडीएफ कन्व्हर्टर, कुपन शोधणारे, व्हिडिओ उतरवणारे, 'सर्च' नाव असलेले, हे आधी जाऊ द्यात.

अँटिव्हायरसचंही तसंच. विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि घरच्या वापराला तो पुरतो. अवास्ट ही नावाजलेली कंपनी. तिनं लोकांचा ब्राउझिंगचा तपशील आपल्याच जम्पशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकला. २०२० मध्ये जम्पशॉट बंद करावी लागली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायचा आदेश दिला. सगळ्याच कंपन्या असं करतात असं मी म्हणत नाही. पण अँटिव्हायरसची मुदत संपली की तो काढून टाका, डिफेंडर आपोआप जागा होतो. कार्डावर वर्षाचं ऑटो-रिन्यूअल लागलंय का तेही बघून घ्या, तिथं गुपचूप पैसे कटतात.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, आणि हा माझ्याच धंद्यातला आहे. विप्रोचं मूळ गाव म्हणून अमळनेरचं नाव आपण कौतुकानं घेतो. १९४५ साली तिथं वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून सुरुवात झाली, ती कंपनी पुढं जगभर सॉफ्टवेअर पुरवू लागली. पण तिथंच काय, जळगाव-धुळ्यातही जोडून दिलेल्या कॉम्प्युटरात अस्सल विंडोज सापडणं मुश्किल. गिऱ्हाईक हजार रुपयांसाठी घासाघीस करतं, मग दुकानदार पेन ड्राइव्हवरून 'ॲक्टिव्हेटर', म्हणजे परवाना न घेता विंडोज चालू करणारा प्रोग्राम, चालवून देतो. तो चालायचा तर डिफेंडर बंद करावा लागतो, किंवा एखादं फोल्डर तपासू नको असं त्याला सांगून ठेवावं लागतं. हे दार पुढं कायमचं उघडं राहतं. बघायचं असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी एक्सक्लूजन्स. यादी रिकामी असायला हवी. तिथं अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला दिसला, तर तुमचा डिफेंडर नावापुरताच आहे.

अशा ॲक्टिव्हेटरसोबत आणि गेमच्या क्रॅकसोबत, म्हणजे फुकटात चालवायला फोडलेल्या प्रतीसोबत, येणारा चोर हल्ली फाइली कुलूपबंद करून पैसे मागत बसत नाही. तो ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि कुकी उचलतो आणि निघून जातो. तुम्हाला काही जाणवतही नाही. पासवर्डपेक्षा कुकी जास्त धोक्याची. तुम्ही पासवर्ड, ओटीपी टाकून जीमेलमध्ये गेलात की जीमेल तुमच्या ब्राउझरला एक कुकी देतं आणि पुढं तीच ओळख म्हणून चालते. बाजार समितीच्या गेटवर गेटपास दाखवला की गाडी आत सोडतात, पास नेमका कोणाच्या हाती आहे हे कोणी विचारत नाही, तसंच हे. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे यूट्यूबवरचं मोठं चॅनल असंच गेलं. कॉम्प्युटरचीच माहिती देणारी ही मंडळी, पण एका कर्मचाऱ्यानं ईमेलमधून आलेली फाइल उघडली आणि सेशनची कुकी चोरीला गेली. पासवर्ड, ओटीपी काही लागलं नाही.

म्हणून तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ॲक्टिव्हेटर चाललेला असेल तर साफसफाई करत बसू नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि विंडोज नव्यानं टाका, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं. कोणाच्या पेन ड्राइव्हवरचं नको. तयार ब्रँडेड कॉम्प्युटर असता तर परवाना बहुधा मशीनमध्येच असता आणि विंडोज आपोआप अस्सल झालं असतं. तुमचा जोडलेला आहे, तेव्हा परवाना विकत घ्यावा लागेल. त्यानंतर पासवर्ड बदला. पण ते या कॉम्प्युटरवर नवं विंडोज आल्यावर किंवा फोनवरून, आधी नाही. गुगल खात्यात 'युवर डिव्हाइसेस' मध्ये जाऊन बाकी सगळीकडून साइन आउट करा, म्हणजे चोरीला गेलेल्या कुकी निकामी होतील.

तसंही विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं वाढीव मुदतीची योजना काढली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की ती पैसे न देता मिळते. पण ती टेकू आहे. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही. अशा वेळी मी लिनक्स मिंट सुचवतो, विंडोजच्या जागी फुकटात बसणारी यंत्रणा. ब्राउझर तेच, मराठी टायपिंग होतं, जुनं मशीन हलकं चालतं. नानांना फरकही कळणार नाही. मात्र घरात टॅलीचं काम असेल तर त्या वाटेला जाऊ नका, कारण टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे.

अपडेटबद्दल आणखी एक. आपल्याकडे कॉम्प्युटर बंद करायची रीत म्हणजे भिंतीवरचं बटण. लाईट जाते तेव्हा नाइलाज, पण रोज असंच केलं तर अपडेट कधी पुरा बसतच नाही. महिनोन्महिने 'रीस्टार्ट करा' म्हणत अडकलेले कॉम्प्युटर मला दर आठवड्याला भेटतात. क्रोमचंही तेच. वर उजव्या कोपऱ्यात 'अपडेट' असं बटण आलं असेल तर सगळं बंद करून पुन्हा उघडा.

नवं विंडोज आलं की कॉम्प्युटरवर चार खाती करा. ॲडमिनचं खातं तुमचं, त्याचा पासवर्ड फक्त तुम्हाला माहीत, आणि रोजच्या कामाला तेही वापरायचं नाही. नाना, मुलगा आणि तुम्ही स्वतः, सगळे साध्या 'स्टँडर्ड' खात्यातून. मुलानं काही बसवायला घेतलं की कॉम्प्युटर ॲडमिनचा पासवर्ड मागेल, आणि ते बसवावं की नाही हा निर्णय तुमच्याकडे येईल. घरात कुरकुर होईल, होऊ द्या. बँकेचं काम तुमच्या खात्यात, एका वेगळ्या ब्राउझरमध्ये, ज्यात एकही एक्स्टेन्शन नाही. नुसत्या एवढ्यानं जितकं साधतं तितकं महागड्या सॉफ्टवेअरनं साधत नाही.

नानांच्या ब्राउझरमध्ये मात्र एक एक्स्टेन्शन जरूर टाका: यूब्लॉक ओरिजिन. जाहिराती अडवणारं, फुकट, आणि नावापुढं 'ओरिजिन' असलेलंच घ्या, कारण मिळत्याजुळत्या नावाची इतरही फिरतात. क्रोमनं जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स २०२५ पर्यंत बंद केली. त्यामुळे तिथं आता त्याची 'लाइट' आवृत्ती मिळते, ती कामचलाऊ आहे. पूर्ण ताकदीचं फायरफॉक्समध्ये चालतं, म्हणून घरातल्या मोठ्यांना मी फायरफॉक्सच लावून देतो. जाहिराती अडवणं ही चैन आहे असं काहींना वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना इंटरनेटवर शोधताना जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन वापरा असा सल्लाच दिला, कारण शोधाच्या निकालात वरती जाहिरात म्हणून खोट्या साइट येत होत्या. आपल्याकडे 'अमुक बँक कस्टमर केअर नंबर' शोधणाऱ्याला वरच खोटा नंबर मिळतो, तो यातूनच. बँकेचा नंबर पासबुकावर आणि कार्डाच्या मागं छापलेला असतो, तोच लावायचा.

पत्ता वाचता येणं हे घरातल्या प्रत्येकाला शिकवा. लोक डावीकडून वाचतात आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतात. वाचायचं असतं उलट. पत्त्यातली पहिली तिरकी रेघ शोधा (सुरुवातीच्या जोडरेघा सोडून), आणि तिथून मागं या. समजा पत्ता आहे 'पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट लाभार्थी-यादी डॉट टॉप', मग तिरकी रेघ. मागून वाचलं तर मालक निघाला 'लाभार्थी-यादी डॉट टॉप'. पुढचं पीएमकिसान, जीओव्ही, इन, हे सगळं त्यानं स्वतःच्या मर्जीनं लिहिलेलं आहे. तसं कोणीही लिहू शकतो. खऱ्या पत्त्यात तिरक्या रेघेच्या लगेच आधी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' येतं, आणि ही नावं सरकारी खात्यांनाच मिळतात. महाडीबीटी, महाभूमी, आधार, सगळे 'जीओव्ही डॉट इन' मध्येच आहेत. अपवाद लक्षात ठेवा: रेल्वे तिकिटाची आयआरसीटीसी 'को डॉट इन' वर आहे आणि महावितरण नुसत्या 'डॉट इन' वर. 'आज रात्री लाईट कापणार' असा मेसेज येतो तेव्हा लोक इथंच फसतात. या दोन्ही साइट एकदा नीट शोधून बुकमार्क करून टाका, म्हणजे परत शोधायची वेळच नको.

बँकांचं काम सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' वर न्यायला सांगितलं. हे शेपूट फक्त बँकांना मिळतं आणि ते हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते. तुमच्या बँकेचा पत्ता त्यावर संपत नसेल तर पासवर्ड टाकू नका, आधी शाखेत विचारा. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. त्याचा अर्थ मधल्या वाटेवर कोणी वाचत नाही एवढाच. पलीकडे बसलेला चोर असेल तर तुमची माहिती त्याच्यापर्यंत अगदी सुरक्षित पोचते. ते कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्टसारख्या संस्था फुकट देतात, तेव्हा ते चोरांकडेही असतं. क्रोमनं २०२३ मध्ये ते कुलूपच काढून टाकलं, ते याच गैरसमजामुळे.

पासवर्डचं फार लांबवत नाही. ईमेलचा पासवर्ड वेगळा आणि लांब हवा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्याच्यातून बदलता येतात. सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं बिटवॉर्डनसारखं फुकट पासवर्ड मॅनेजर वापरा आणि ईमेलला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड, लावा, शक्यतो फोनवर कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधून. नानांना हे जमणार नसेल तर वहीत लिहून कपाटात ठेवू द्या. जाणकार नाक मुरडतात, पण झारखंडात किंवा रशियात बसलेला चोर अमळनेरच्या कपाटात हात घालू शकत नाही. वही कॉम्प्युटरशेजारी मात्र नको. आणि ब्राउझरनं 'पासवर्ड साठवू का' विचारलं की बँकेसाठी नेहमी 'नेव्हर'.

आता कोणाला काय दिसतं ते. इन्कॉग्निटो खिडकी बंद केली की तुमच्या कॉम्प्युटरवरची हिस्ट्री आणि कुकी पुसल्या जातात. काम एवढंच. घरातल्या दुसऱ्यानं बघू नये म्हणून ते ठीक. इंटरनेट कंपनीला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते दिसतंच, त्या साइटलाही दिसतं. गुगलवर अमेरिकेत यावरूनच २०२० मध्ये खटला झाला आणि २०२४ मध्ये समेटात अशा गोळा केलेल्या अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गुगलनं कबूल केलं. बँकेच्या कामाला इन्कॉग्निटो वापरायला हरकत नाही, पण कॉम्प्युटरमध्येच चोर बसला असेल तर तो तिथंही बघतो.

व्हीपीएन घेतल्यानं तुमचं बघणारा बदलतो: इंटरनेट कंपनीऐवजी व्हीपीएन कंपनी. फुकटवाल्यांवर तर भरवसा ठेवायला काहीच आधार नाही, त्यांचा सर्व्हरचा खर्च कुठून तरी निघतच असतो. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या सर्ट-इननं, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं, व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा आदेश दिला, त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. मग तुम्ही सिंगापूरमार्गे बँकेत शिरता आणि बँकेला संशय येतो. घरबसल्या बँकेची साइट वापरताना पत्ता बरोबर असेल तर व्हीपीएनची गरज नाही. तुमच्यावर खरी नजर ठेवतात त्या जाहिरात कंपन्या आणि तुम्ही लॉगिन केलेलं गुगल खातं. पहिल्यांचा बंदोबस्त यूब्लॉक आणि फायरफॉक्स बऱ्यापैकी करतात. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो. दुसऱ्यासाठी गुगल खात्यात 'माय ॲक्टिव्हिटी' उघडा, वेब आणि यूट्यूबची नोंद बंद करा किंवा तीन महिन्यांनी आपोआप पुसायला लावा. मागचं सगळं तिथं तारीखवार दिसतं. एकदा बघाच, डोळे उघडतात.

डाउनलोड फोल्डरही उपसा. आधार, सातबारा, पॅन, मुलाची गुणपत्रिका, वर्षानुवर्षं तिथं साचलेली असते. आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मवर्ष, तेव्हा ते कुलूप फारसं नाही. लागेल तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

राउटर केबलवाल्या पोरानं बसवला असेल तर त्याचा ॲडमिन पासवर्ड बहुधा 'ॲडमिन' हाच असेल. त्याला समोर बसवून बदलून घ्या, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणानं वायफाय जोडायची सोय) आणि बाहेरून चालवायची सोय बंद करायला सांगा. हात लावलाच आहे तर राउटरचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा, ९.९.९.९ करून घ्या. ही क्वाड९ ची फुकट सेवा, ओळखीच्या घातक साइट उघडूच देत नाही, आणि घरातल्या सगळ्या फोनलाही ती लागू होते. प्रौढांच्या साइटही अडवायच्या असतील तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ घ्या. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये हे बदलू देत नाहीत, तेव्हा ब्राउझरच्या सिक्युअर डीएनएसमध्ये टाका.

एवढं करूनही एखाद्या दिवशी खात्यातून पैसे गेलेच, तर कॉम्प्युटरचं नेट तोडा आणि फोनवरून आधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, मग बँक. हा क्रम महत्त्वाचा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, आणि १९३० वर नोंद झाली की पुढच्या बँकांना ते गोठवायला कळवलं जातं. तासाभरात फोन झाला तर काही हाती लागायची आशा असते. 'सकाळी नातू आल्यावर बघू' म्हटलं की संपलं. मग 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' वर लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकारात, बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकावर येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेपोटी लपवू नका, नानांनाही तसं सांगून ठेवा. बँकेकडून तक्रारीचा नंबर घ्या, व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि आलेले मेसेज जपून ठेवा. आणि तक्रार पुरी होईपर्यंत कॉम्प्युटर फॉरमॅट करायला दुकानात देऊ नका, पोलिसांना लागणारा पुरावा त्यातच असतो.